दार सरकतं, जागा कुठे जाते?

बिजागरीवरचं साधं दार किती जागा खातं, हे शाळेतल्या भूमितीने काढता येतं. अडीच फूट रुंदीचं दार पूर्ण उघडताना जमिनीवर पाव वर्तुळ काढतं, आणि त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ पाच चौरस फूट भरतं. दिवाणखान्यात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण पाच बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये एकूण जमीनच पस्तीस चौरस फूट असते. म्हणजे सातवा हिस्सा निव्वळ दाराच्या येण्याजाण्यासाठी राखून ठेवायचा. तिथे बादली ठेवता येत नाही, कपड्यांची टोपली ठेवता येत नाही, आणि दार लावताना माणसाने कमोड आणि बेसिन यांच्यामध्ये अंग चोरून उभं राहायचं.

परदेशात लहान अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना हे ठाऊक आहे. त्यावर सगळेच एक सल्ला देतात, ‘सरकतं दार लावा, जागा वाचेल.’ सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. घरांचा इतिहास अभ्यासताना मला वेगवेगळ्या देशांत आणि काळांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत गेली. सरकत्या दाराने जागा वाचत नाही, ती हलते. जमिनीवरून भिंतीत जाते. भिंतीत मावली नाही, तर तिची किंमत घरातल्या कुणाला तरी आवाजाच्या, वासाच्या किंवा एकांताच्या रूपाने मोजावी लागते. ती कोण मोजणार, हे ठरवणारा माणूस आणि मोजणारा माणूस दर वेळी एकच असतो असं नाही.

सुरुवात जपानपासून करावी लागते, कारण सरकत्या दारांचं घर म्हटलं की तेच डोळ्यांसमोर येतं. जपानी दारं इतकी सहज सरकतात याचं कारण दारापेक्षा घराच्या सांगाड्यात आहे. पारंपरिक जपानी घराचा भार लाकडी खांब आणि तुळया पेलतात. दोन खांबांमधली भिंत काहीच पेलत नाही, मग ती भिंत तरी का ठेवायची? तिथे खाली एक खाच पाडलेली पट्टी, वर तशीच दुसरी पट्टी, आणि मध्ये कागद लावलेली हलकी चौकट. उजेड आत येऊ देणारी ती ‘शोजी’, आणि दोन्ही बाजूंनी जाड कागद किंवा कापड लावलेली ती ‘फुसुमा’. वरची खाच खोल असते आणि खालची उथळ. त्यामुळे दार वर उचलून आधी वरच्या खाचेत सारायचं आणि मग खालच्या खाचेत सोडायचं. काढतानाही तसंच. ना चाक, ना खिळा, ना बिजागरी. क्योटोच्या जुन्या घरांत उन्हाळा आला की फुसुमा काढून ठेवतात आणि त्यांच्या जागी बोरूच्या काड्यांची दारं बसवतात, म्हणजे वारा खेळता राहतो.

क्योटोच्या गिन्काकुजी मंदिरात १४८६ साली बांधलेली तोगुदो नावाची इमारत आहे. तिच्यात साडेचार तातामी चटयांची एक खोली आहे. आपल्या मापाने साधारण नऊ फूट लांब आणि नऊ फूट रुंद. एवढ्याशा खोलीत लिहायची जागा, पुस्तकांची फळी आणि बाहेरच्या बागेचा उजेड, सगळं बसलं आहे. ते बसलं कारण कुठलंच दार आत झेपावत नाही. मात्र कागदाला कान नसले तरी आवाज त्यातून आरपार जातो. अशा घरात पलीकडचं बोलणं ऐकू येतंच. ऐकू येऊनही न ऐकल्यासारखं करणं हा तिथे घरातल्या वागण्याचा भाग होता. जागेची किंमत तिथे सगळ्यांनीच मिळून मोजली.

ज्या देशांत भिंत विटांची किंवा दगडांची होती आणि घराचा भार तीच पेलत होती, तिथे दार भिंतीत घालायचं तर भिंतच दुहेरी करावी लागे. आपल्या वाड्यांत जाड भिंतीचा असा उपयोग एका वेगळ्या कामासाठी झालेला दिसतो. दिंडी दरवाजामागचा अडसर आठवा. दिवसा तो लांबलचक लाकडी वासा भिंतीतल्या पोकळीत सारलेला असे, आणि रात्री ओढून दरवाजामागे आडवा लावत. दार बिजागरीचं किंवा खुंटाचंच राहिलं, पण जी वस्तू वापरात नाही ती भिंतीच्या पोटात ठेवायची ही युक्ती आपल्या सुतारांना आणि गवंड्यांना माहीत होती. फरक एवढाच की वाड्याची भिंत हात-दोन हात जाड असे. आजच्या अमेरिकन घरातली आतली भिंत जिप्सम बोर्डसकट जेमतेम साडेचार इंच असते.

अमेरिकेत भिंतीत जाणारं दार, म्हणजे पॉकेट डोअर, एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय झालं. न्यू यॉर्कसारख्या शहरांतली ओळीतली घरं अरुंद आणि खोल असत. पुढची बैठक आणि मागची बैठक यांच्यामध्ये दोन मोठी दारं बसवत, एक डाव्या भिंतीत जाणारं, एक उजव्या. पाहुणे आले की दारं भिंतीत आणि दोन खोल्यांचा एक दरबार. पाहुणे गेले की दारं बंद, म्हणजे शेगडीची ऊब एकाच खोलीत राहते. सुरुवातीला दाराखाली चाकं आणि जमिनीवर धातूची पट्टी असे, पुढे वरून टांगलेली दारं आली. टांगलेलं दार हलकं सरकतं, पण रुळावरून उतरलं तर त्याला हात लावायला भिंत फोडावी लागते. जुनी घरं घेणाऱ्यांना आजही भिंतीत कधीकाळी अडकलेली आणि वरून प्लास्टर करून विसरलेली दारं सापडतात.

हे सगळं शोभेचं झालं. सरकत्या दाराचा विचार कामाच्या अंगाने करणारी एक बाई त्याच काळात होऊन गेली. कॅथरीन बीचर यांनी आपली बहीण हॅरिएट बीचर स्टोव यांच्यासह १८६९ साली ‘द अमेरिकन वुमन्स होम’ हे पुस्तक काढलं. नोकर नसलेल्या घरातली बाई दिवसभर किती चालते, कुठे वाकते, काय शोधत बसते, याचा त्यांनी बारकाईने विचार केला. त्यांच्या आराखड्यात स्वयंपाकाची खोली आणि चुलीची खोली वेगळी आहे, आणि दोहोंच्या मध्ये काचेची सरकती दारं आहेत. धग आणि वास पलीकडे राहावा, उजेड मात्र अडू नये. शिवाय एक मोठा, चाकांवरचा पडदेवजा पार्टिशनही आहे. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ढकलला की एकाच खोलीची दिवसा बैठक आणि रात्री झोपायची खोली होते. इथे किंमत मोजणारी बाई आणि ठरवणारी बाई एकच होती, निदान कागदावर. म्हणून त्या दाराला काच आहे.

यापुढचं घर नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरातलं. ट्रूस श्रोडर यांचे वकील पती १९२३ साली वारले. तीन लहान मुलं पदरात होती. त्यांना मोठं घर नको होतं. मुलांपासून लांब, वेगळ्या मजल्यावर राहणं तर अजिबात नको होतं. त्यांनी खेरिट रीटफेल्ट यांना सोबत घेतलं. रीटफेल्ट मूळचे फर्निचर करणारे सुतार. १९२४ साली दोघांनी मिळून जे घर उभं केलं, ते आज युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

त्या घराचा वरचा मजला हा दारांच्या इतिहासातला एक मोठा प्रयोग आहे. दिवसा तो जवळजवळ एक सलग खोली असतो. रात्री रुळांवरच्या सरकत्या भिंती ओढल्या की मुलांच्या आणि आईच्या खोल्या वेगळ्या होतात. नगरपालिकेच्या नियमांत असली पसरती-मिटती जागा बसणं शक्य नव्हतं, म्हणून परवानगीच्या नकाशावर वरचा मजला चक्क ‘माळा’ म्हणून दाखवला गेला. सुताराने केलेलं घर असल्यामुळे ते एखाद्या कपाटासारखं उघडतं आणि मिटतं. पण रोज सकाळी भिंती सारायच्या आणि रोज रात्री ओढायच्या, हे काम कुणीतरी करावंच लागतं. श्रोडरबाईंनी ते घर स्वतःच्या हौसेने मागितलं होतं, आणि १९८५ साली मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच राहिल्या. ज्याला दार हवं त्यानेच ते मागितलं, तर रोजची ओढाताणही गोड लागते, असं त्या घराकडे पाहून वाटतं.

हौशीचं घर वेगळं आणि हजारो कुटुंबांसाठी बांधलेलं घर वेगळं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भयंकर टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहराने अर्न्स्ट माय यांच्या हाताखाली कामगार आणि मध्यमवर्गासाठी वसाहती बांधायला घेतल्या. तिथल्या स्वयंपाकघराचं काम मार्गारेट शुटे-लिहोत्स्की यांच्याकडे आलं. १९२६ साली त्यांनी आखलेलं ‘फ्रँकफुर्ट किचन’ सुमारे सहा फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट लांब होतं. सुमारे दहा हजार घरांत ते बसवलं गेलं. रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या चिंचोळ्या स्वयंपाकघराचा आदर्श त्यांच्यापुढे होता. तोवर आपण स्वतः कधी घर चालवलं नव्हतं, असंही त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं.

या स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत जाणारं दार सरकतं होतं. सहा फूट रुंदीत दोन बाजूंना ओटे आणि कपाटं आली की बिजागरीचं दार उघडणार कुठे? पण कारण तेवढंच नव्हतं. ओट्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंतचं अंतर तीन मीटरच्या आत ठेवायचं, आणि दार सारून ठेवलं की आईला काम करता करता पलीकडे खेळणाऱ्या मुलांवर नजर ठेवता यावी, हा त्यामागचा हेतू होता. कागदावर हे चोख होतं. प्रत्यक्षात एका वेळी एकच माणूस उभा राहू शकेल अशा खोलीत बाई एकटी पडली. हाताखाली मुलगी घ्यायला किंवा नवऱ्याने भाजी चिरायला तिथे जागाच नव्हती. पुढच्या पिढीतल्या स्त्रीवादी अभ्यासकांनी या स्वयंपाकघरावर नेमकी हीच टीका केली. माझ्या मते त्या दाराकडे पाहिलं तर टीका आणि हेतू दोन्ही खरे दिसतात. उघडं असेल तर ते आईला घराशी जोडतं, आणि बंद असेल तर तिला एका चांगल्या आखलेल्या डब्यात ठेवतं. ते उघडं राहील की बंद, हे बाकीच्या घराने ठरवायचं असतं. वास नको, भांड्यांचा आवाज नको, असं पलीकडून कुणी म्हणालं की दार सरकतंच.

आता पुन्हा जपानात, पण पाचशे वर्षं पुढे, कारण सरकत्या दारांच्या या देशातच एकदा दार नाकारलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात शहरं जळाली होती आणि लाखो घरं कमी पडत होती. टोकियो विद्यापीठातल्या योशिताके यासुमी यांच्या गटाने सरकारी घरांसाठी १९५१ साली एक नमुना आखला, तो ‘५१ सी’ या नावाने ओळखला जातो. घर सुमारे ३५ चौरस मीटरचं, म्हणजे पावणेचारशे चौरस फुटांचं. निशियामा उझो या अभ्यासकाने आधीच दाखवलं होतं की गरीब कुटुंबंसुद्धा, खोल्या कितीही लहान असल्या तरी, जेवायची आणि झोपायची जागा वेगळी ठेवायची धडपड करतात. म्हणून या नमुन्यात स्वयंपाकघर थोडं मोठं करून तिथेच जेवणाचं टेबल मांडायची सोय केली. तिथूनच जपानी घरांच्या जाहिरातींत आजही दिसणारं ‘डीके’ हे लघुरूप रुळत गेलं.

याहून महत्त्वाचा निर्णय झोपायच्या दोन खोल्यांमध्ये होता. परंपरेप्रमाणे तिथे फुसुमा आली असती. जागाही कमी लागली असती, आणि गरज पडली तर दोन खोल्यांची एक करता आली असती. आखणाऱ्यांनी तिथे मुद्दाम पक्की भिंत घातली. आईवडील आणि मोठी होत चाललेली मुलं यांच्यामध्ये कागदापेक्षा काहीतरी भक्कम असावं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे वर्षानुवर्षं बांधल्या गेलेल्या सरकारी घरांत बऱ्याच ठिकाणी त्या भिंतीच्या जागी पुन्हा फुसुमा आली, कारण लोकांना मोकळी, मोठी वाटणारी जागाही हवी होती. दोन्ही मागण्या खऱ्या होत्या आणि ३५ मीटरांत दोन्ही मावत नव्हत्या. सरकत्या दाराची किंमत इतकी स्पष्ट दुसऱ्या कुठल्या नकाशावर मी पाहिलेली नाही.

मुंबईकर वाचकाला हे ऐकताना चाळ आठवली असेल. १९२० साली स्थापन झालेल्या मुंबई विकास संचालनालयाने, म्हणजे बीडीडीने, वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड इथे चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. तिथे आतल्या दाराचा प्रश्नच नव्हता. दोरीवर साडी किंवा चादर टाकली की झाली दुसरी खोली. हे तसं पाहिलं तर सगळ्यात स्वस्त सरकतं दार. जमीन शून्य, भिंत शून्य. आवाज मात्र सगळा आरपार. नवीन लग्न झालेल्या जोडप्याने कुजबुजायचं, दहावीच्या मुलाने जिन्यात किंवा गच्चीवर अभ्यास करायचा, बाकीच्यांनी गॅलरीत झोपायचं. म्हणजे पडद्याने न दिलेली जागा लोकांनी घराबाहेर जाऊन मिळवली. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या फ्लॅटला ती गॅलरी नसते. तिथे एकांत हवा तर तो आतच शोधावा लागतो, आणि म्हणून दार निवडताना चूक परवडत नाही.

मग आज अडचणीच्या जागेत सरकतं दार बसवायचं तर या इतिहासातून काय उचलायचं? पहिलं, भिंत मोजा. पॉकेट डोअरच्या चौकटीला दाराच्या रुंदीच्या दुपटीहून थोडी जास्त लांबी लागते. अडीच फुटी दाराला सव्वापाच फूट धरून चाला. त्या भिंतीच्या पोटात वायर, पाण्याचा पाइप किंवा दिव्याचं बटण असेल तर ते आधी हलवावं लागतं. भिंत वरच्या मजल्याचा भार पेलत असेल तर संपूर्ण लांबीवर वर तुळई लागते, आणि ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं. वरचा रूळ लेव्हलला धरूनच बसवायचा, नाहीतर दार आपोआप एका बाजूला घरंगळतं. दार टांगून, दहा-वीस वेळा सारून पाहिल्याशिवाय भिंत बंद करू नये. बोर्ड ठोकताना स्क्रू आखूडच हवेत. लांब स्क्रूचं टोक पोकळीत घुसलं की ते दारावर कायमचा ओरखडा काढत राहतं. हीच गोष्ट पुढे कधी त्या भिंतीवर फोटो टांगतानाही लक्षात ठेवायची.

भिंत फोडणं शक्य नसेल तर भिंतीबाहेरून रुळावर टांगलेलं दार उरतं, धान्याच्या कोठारांना असतं तसं. त्याला भिंतीच्या पोटातली जागा लागत नाही, पण दाराएवढी मोकळी भिंत बाजूला लागते. तिथे कपाट किंवा खुंट्या ठेवता येत नाहीत. शिवाय दार आणि भिंत यांच्यामध्ये फट राहतेच. कोठीच्या खोलीला ते उत्तम. बैठकीत उघडणाऱ्या बाथरूमला मात्र नाही, कारण फटीतून आवाज आणि वास दोन्ही बाहेर येतात.

दुसरं, ते दार कोण उघडणार आहे ते पाहा. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आईवडील सहा-सहा महिने येऊन राहतात. आत उघडणाऱ्या दाराच्या बाथरूममध्ये म्हातारं माणूस पडलं तर त्याच्या अंगानेच दार अडतं आणि बाहेरच्यांना आत जाता येत नाही. सरकत्या दाराचा हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा फायदा आहे. पण त्याच दाराला बोटं घालायची बारीक खाच असेल, तर सांधेदुखीच्या हातांना ते ओढता येत नाही. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याखालच्या मानकांनी सार्वजनिक इमारतींत दाराची मोकळी रुंदी निदान ३२ इंच ठेवली. सरकतं दार पूर्ण उघडल्यावरही त्याची मूठ दोन्ही बाजूंनी हाताला लागली पाहिजे, अशीही अट घातली. म्हणजे दार भिंतीत पूर्ण गडप होऊन चालत नाही, ते मुठीएवढं बाहेर राहतं आणि तेवढी वाट अरुंद होते. घरात कायद्याची सक्ती नसली तरी हे माप घ्यावं. वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला दोन इंचांचा फरक पुरतो.

आणि तिसरं, हे सगळं ठरवताना टेप हातात घेणाऱ्याने दाराच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना विचारावं. आत झोपणारा मुलगा, बाहेर उशिरापर्यंत फोनवर मीटिंग घेणारी त्याची आई, पहाटे चारला उठून बाथरूमला जाणारे आजोबा. बीचरबाईंनी दाराला काच लावली आणि टोकियोतल्या लोकांनी दाराऐवजी भिंत घातली, ती या प्रश्नाचं उत्तर आधी शोधूनच. सुतार बोलवायचा तो त्यानंतर.